दोघं मिळून बायबल वाचतो, पण मी एकटीने वाचायचं सोडून दिलंय

पत्र:

ताई, मी सेकंड इयरला आहे आणि तो थर्ड इयरला. कॉलेजच्या ख्रिश्चन ग्रुपमध्ये ओळख झाली, आता आठ महिने झाले आम्ही डेट करतोय. सुरुवातीलाच ठरवलं होतं की आपलं नातं देवाला धरून हवं, म्हणून रोज रात्री अकरानंतर एकत्र बायबल वाचतो, कधी कॉलवर तर कधी त्याच्या रूमवर. तो लहानपणापासून चर्चमध्ये वाढलाय, त्याला खूप माहितीये. मी दोन वर्षांपूर्वी विश्वासात आले, म्हणून तो समजावतो आणि मी ऐकते. पण आता मी एकटी वाचतच नाही, उघडलं तरी वाटतं रात्री तो सांगेलच की. मी चिडले की तो म्हणतो पहिलं करिंथ १३ वाच, प्रेम चिडत नाही. शिवाय प्रार्थना झाल्यावर इतकं जवळ वाटतं की आम्हीच ठरवलेल्या मर्यादा आम्ही ओलांडल्या, आणि मग लाजेने आठवडाभर बायबलला हातच लावला नाही. मैत्रीण म्हणते लग्नाआधी जोडप्याने एकत्र प्रार्थना करूच नये. ग्रुपमधला एक दादा म्हणतो लीड मुलानेच करायचं असतं. आणि मला सगळ्यात जास्त भीती ही वाटते की उद्या आमचं ब्रेकअप झालं तर माझा विश्वास टिकेल का. हे बंद करू का?

— गोंधळलेली

उत्तर:

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. बंद करू नका. पण आत्ता जसं चाललंय तसंच चालू पण ठेवू नका, कारण तुझं पत्र वाचताना मला सगळ्या तक्रारींचं मूळ एकाच जागी दिसतंय, ते म्हणजे तुझं देवाशी जे नातं आहे ते हळूहळू त्याच्या मार्फत चालायला लागलंय. त्याने ते हिसकावून घेतलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. तू विश्वासाने देत गेलीस, तो प्रेमाने घेत गेला, दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं आणि तरीही आठ महिन्यांनी तू अशा ठिकाणी आलीयस की बायबल हातात आहे पण उघडावंसं वाटत नाही, कारण रात्री कुणीतरी समजावून सांगणार आहे. हे मी कॉलेजच्या मुलामुलींमध्ये पुष्कळ वेळा बघितलंय आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण सुरुवात इतकी सुंदर असते. दोन तरुण माणसं ठरवतात की आपण देवाला सोबत घेऊन चालू, यापेक्षा चांगली इच्छा कुठली असणार!

नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढ. दुसऱ्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो एकमेकांची ओझी वाहा. आणि लगेच पाचव्या वचनात म्हणतो प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. मधे फक्त दोन वचनं आहेत, त्यामुळे पौल आधी बोललेलं विसरला असं काही नाही, त्याला दोन्ही म्हणायचं आहे. तुमच्या नात्यात दुसरं वचन जोरात चालू आहे आणि पाचवं सुटलंय. तुझ्या विश्वासाचा जो तुझा स्वतःचा भार आहे, म्हणजे स्वतः वाचणं, न समजलेल्यावर डोकं खाजवणं, देवाशी एकटीने बोलणं, कधी त्याच्यावर रुसणं सुद्धा, तो दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही, कितीही प्रेम असलं तरी. मार्क १:३५ मध्ये, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाच्या ३५व्या वचनात, येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो, आणि शिमोन हा शिष्य आणि सोबतचे त्याला शोधत मागे येतात. शिष्य चोवीस तास आजूबाजूला असणाऱ्या येशूला जर एकट्याची वेळ लागत होती तर तुला लागणारच ना.

म्हणून पहिला बदल तुझ्यापासून. रोज पंधरा-वीस मिनिटं, एकटी, फोन लांब ठेवून, कागदाचं बायबल असेल तर उत्तमच. बायबल ॲपवर प्लॅन चालू असेल आणि रोजची साखळी तुटली म्हणून वाईट वाटत असेल तर ते नोटिफिकेशन बंद करून टाक, देव काही हजेरी घेत बसलेला नाही. एक साधी वही घे. वाचलेल्या भागात मला काय दिसलं, काय कळलं नाही, आणि काय टोचलं, एवढंच लिहायचं, दोन दोन ओळी पुरे, कुणाला दाखवायचं नाही. पहिले काही दिवस कोरडे जातील, मन लागणार नाही, सारखं वाटेल हे त्याला विचारू का. विचारू नकोस, म्हणजे लगेच विचारू नकोस. वहीत लिहून ठेव आणि दोन दिवस त्या प्रश्नासोबत राहा. न समजण्याची पण एक सवय लागावी लागते आणि ती सवय तुला कुणी लागूच दिली नाही, कारण तुझा प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर तयार असायचं.

आता त्याच्या समजावण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला वाटतं खरी गोम तिथे आहे. चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला माहिती भरपूर असते हे खरं. बाराच्या बारा शिष्यांची नावं पाठ, संडे स्कूलच्या गोष्टी पाठ, पास्टरांची प्रवचनं डोक्यात बसलेली. पण माहिती असणं वेगळं आणि आत्ता समोरच्या पानावर काय लिहिलंय ते बघणं वेगळं, आणि कित्येकदा ज्याला गोष्ट आधीच माहीत असते तो ती वाचतच नाही, आठवतो. तू नवीन आहेस, तुला पुढे काय होणार ते माहीत नसतं, म्हणून तुझं लक्ष अशा गोष्टीकडे जाईल जिच्यावरून तो शंभर वेळा घसरून पुढे गेला असेल. ही तुझी कमी नाहीये, तुमच्या जोडीतली ही तुझी ताकद आहे, आणि तू गप्प बसून ऐकतेस तेव्हा नुकसान त्याचंही होतं.

उदाहरण देऊनच सांगते. मार्कचा दहावा अध्याय घ्या, वचन ३५ पासून शेवटपर्यंत. आधी याकोब आणि योहान येतात, जब्दीचे मुलगे, आणि येशूला म्हणतात आम्ही मागू ते आमच्यासाठी कर. येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? ते म्हणतात तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे एकाला डावीकडे बसव. मग बाकीचे दहा चिडतात, येशू सगळ्यांना जवळ बोलावून सेवेबद्दल सांगतो. त्यानंतर यरीहोतून बाहेर पडताना रस्त्याच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो अजून जोरात ओरडतो, येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो, आणि वचन ५१ मध्ये काय विचारतो बघ, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तोच प्रश्न! काही वचनांच्या अंतराने तोच प्रश्न, एकदा कायम सोबत राहणाऱ्या शिष्यांना आणि एकदा रस्त्यावरच्या भिकाऱ्याला. शिष्यांना खुर्ची हवी असते, त्याला दिसायला हवं असतं. शिष्यांना येशू म्हणतो तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाही, आणि भिकाऱ्याला मागितलं ते मिळतं, आणि तो त्याच रस्त्याने येशूच्या मागे चालायला लागतो, जो रस्ता यरुशलेमला चाललाय. आता अजून एक कर, सरळ पंधराव्या अध्यायाच्या २७व्या वचनावर जा. वधस्तंभावर येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण आहे ते बघ. दोन लुटारू. उजवी आणि डावी जागा मागणाऱ्यांना नक्की काय मागितलं ते का कळलं नव्हतं हे तिथे आल्यावर लक्षात येतं आणि अंगावर काटा येतो.

हे सगळं बघायला ग्रीक लागत नाही, जाड जाड पुस्तकं लागत नाहीत, चर्चमध्ये जन्म घ्यावा लागत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवून सावकाश वाचावे लागतात आणि कुणीतरी म्हणावं लागतं की अरे, हे तर मघाशी पण विचारलं होतं ना. ते म्हणणारी तू असू शकतेस. पण तो जर पहिल्या मिनिटाला म्हणाला की हा भाग नम्रतेबद्दल आहे आणि आपण नम्र असायला हवं, तर झालं, अभ्यास तिथेच संपला, त्याचं म्हणणं बरोबर असूनसुद्धा.

तर एकत्र बसाल तेव्हा असं करून बघा. आधी भाग मोठ्याने वाचायचा, एकदा तू, एकदा तो. मग पहिली दहा-पंधरा मिनिटं "याचा अर्थ असा" हे वाक्य दोघांनीही तोंडातून काढायचं नाही. फक्त पानावर काय आहे ते बोलायचं, कोण बोलतंय, कुणाशी, याआधी काय घडलं, कुठली गोष्ट परत परत येते, कुणाचं नाव दिलंय आणि कुणाचं नाही. आणि सुरुवात तू करायची. तो तुझ्याआधी बोलणार नाही. मग अर्थाकडे वळा आणि अगदी शेवटी, आपण काय करायचं याकडे. त्यातही प्रत्येकाने स्वतःबद्दलच बोलायचं. "या वचनावरून मला वाटतं तू आता असं करायला हवंस" हे नको. वाटलं तर त्याला सांग की बिरुयातल्या लोकांनी पौल जे शिकवत होता ते खरं आहे का हे रोज शास्त्रात तपासून बघितलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. पौलाला तपासून बघितलेलं चाललं तर तुझ्या बॉयफ्रेंडला पण चालायला हवं.

पुढच्याच अध्यायात अपुल्लोस भेटतो, तो पण वाच. बोलण्यात पटाईत, शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा (जब्दीचा मुलगा योहान वेगळा) बाप्तिस्माच माहीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, हे तंबू बनवणारं नवराबायको, त्याला बाजूला घेतात आणि देवाचा मार्ग जास्त नीट समजावून सांगतात. दोघं मिळून समजावतात, ती पण. आणि तो हुशार माणूस ऐकून घेतो. शास्त्र पाठ असलेल्या माणसालाही शिकायचं शिल्लक असतं हे तिथे कुणी भाषण न देता दिसतं.

यावरून त्या दादाच्या म्हणण्याकडे येते. मुलानेच लीड करायचं यासाठी लोक ज्याचा आधार घेतात त्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात जे लिहिलंय ते पती आणि पत्नीबद्दल आहे. लग्नानंतर घरात पुढाकार कुणी आणि कसा घ्यायचा यावर वेगवेगळ्या चर्चमध्ये वेगवेगळं शिकवलं जातं आणि तो वाद आज सोडवायची तुला गरज नाही, कारण तो तुझा नवरा नाहीये. बॉयफ्रेंडला तो अधिकार त्या अध्यायात कुठेच दिलेला नाही. आणि दादाला तोच अध्याय वाचून दाखवायचा असेल तर वचन २१ पासून सुरू कर, जिथे सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हायचं म्हटलंय, आणि २५ पर्यंत जा, जिथे पतीला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला देऊन टाकलं तशी प्रीती कर. त्यात गाजवणं कुठे बसतं ते त्यालाच शोधू दे.

आता ते पहिलं करिंथ १३. हे वाचून मला खरंच राग आला, तुझ्यावर नाही. प्रेम चिडत नाही हे वचन चिडलेल्या माणसाला ऐकवणं म्हणजे दुखतंय तिथेच दाबणं. ते पत्र कुणाला लिहिलंय बघ ना. करिंथच्या मंडळीत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे गट पडलेले, एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणाला, एक उपाशी तर दुसरा प्यायलेला, आणि देवाने दिलेलं कुणाचं आध्यात्मिक वरदान मोठं यावर चढाओढ. त्या चढाओढीच्या बरोबर मधे, बाराव्या आणि चौदाव्या अध्यायाच्या मधे, पौल हे लिहितो. आणि सुरुवातीलाच म्हणतो की मला सगळं ज्ञान असलं पण प्रीती नसली तर मी काहीच नाही. म्हणजे या अध्यायाचा धक्का सुरुवातीलाच ज्याला खूप माहितीये त्याला बसतो. ज्याने वचन काढलं त्याने ते आधी स्वतःवर वाचायचं असतं.

तेव्हा भांडण चालू असताना बायबल उघडायचं नाही, हा नियम दोघांनी करा. तू पण, हं. भांडण माणसांसारखं भांडा, तू असं बोललास म्हणून मला लागलं, असं सरळ सांगा, शांत झालात की मग वाटलं तर एकत्र प्रार्थना करा. याकोब १:१९ मध्ये ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं म्हटलंय, नीतिसूत्रे १८:१३ तर ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हणतं, आणि ही दोन्ही वचनं मी तुला त्याच्या तोंडावर फेकायला देत नाहीये, हे लक्षात ठेव. अजून एक, कधी तो म्हणाला की देवाने मला सांगितलंय तूच माझी बायको होणार, तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. मला अजून नाही सांगितलं, सांगेल तेव्हा बघू, एवढं म्हणून थांब. देवाचं नाव घेऊन कुणाला नाही म्हणायची जागाच न ठेवणं बरोबर नाही.

मर्यादांबद्दल. पहिला प्रश्न, आणि याचं उत्तर तू स्वतःशी अगदी खरं दे. जे झालं त्यात तुझी मर्जी होती का? तुला नको असताना झालं, किंवा नाही म्हटल्यावर तुला मनवलं गेलं, किंवा देव आपल्याला माफ करेल असं म्हणून पटवलं गेलं, तर मग पुढचं सगळं बाजूला ठेव, त्याच्यासोबत एकटीने बसणं आजपासून बंद कर आणि तुझा विश्वास असलेल्या एखाद्या मोठ्या बाईला सगळं सांग, आई, मावशी, पास्टरांच्या पत्नी, कॉलेजच्या काउन्सेलर, जी तुझं ऐकेल ती. त्यात तुझी चूक नाही आणि ते झाकून ठेवायची जबाबदारी पण तुझी नाही.

मर्जी दोघांची होती असं असेल, तर ऐक. प्रार्थनेत माणूस आतलं सगळं उघडं करतो, भीती, रडू, घरचं काय काय, आणि ज्याच्यासमोर मन इतकं उघडं होतं त्याच्याकडे शरीर पण ओढलं जातं, यात तुम्ही घाणेरडे आहात असं काही नाही, देवाने माणूस असाच बनवलाय, मन एका खोलीत आणि शरीर दुसऱ्या खोलीत असं नसतं. पण मग रात्री अकरानंतर, दमलेल्या अवस्थेत, त्याच्या रूमवर, दार लावून प्रार्थना करायची आणि वर अपेक्षा करायची की मर्यादा आपोआप राहतील, हे स्वतःवर उगाच ओझं टाकणं आहे. तुम्ही हे प्रार्थना करूनच सोडवायला बघताय आणि यातला निम्मा प्रॉब्लेम तर वेळापत्रकाचा आहे. दुपारी भेटा. लायब्ररीच्या बाहेर, कॅम्पसवर बाकावर, कुठेही जिथे लोक येजा करतात. रात्रीचा कॉल पण बंद, दहानंतर दोघांनी झोपायचं.

गीतरत्न वाचलंयस का? लोक चोरून वाचतात, पण ते प्रीतीबद्दलच आहे आणि प्रीतीला अजिबात लाजत नाही. तरी त्यात एक विनवणी तीन वेळा येते, २:७, ३:५ आणि ८:४, की प्रीती तिच्या वेळेआधी जागवू नका. आणि दुसरं तीमथ्य २:२२ मध्ये तरुणपणाच्या वासनांपासून पळ काढ असं म्हटलंय हे सगळ्यांना पाठ असतं, पण वाक्य तिथे संपत नाही, नीतिमत्त्व, विश्वास, प्रीती, शांती यांच्या पाठीस लाग, आणि तेही शुद्ध मनाने प्रभूला हाक मारणाऱ्यांच्या सोबतीने, असं पुढे आहे. सोबतीने! दोघांनीच कोपऱ्यात बसून नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ग्रुपमधल्या दोनचार जणांसोबत बसून वाचा, आणि तू एखाद्या मोठ्या बाईशी, तो एखाद्या मोठ्या माणसाशी, वेगवेगळं, मोकळेपणाने बोला.

रूथचं पुस्तक फक्त चार अध्यायांचं आहे, ते दोघांनी मिळून वाचाच. तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर बवाजाकडे जाते, त्याला लग्नाचं विचारते, अंधार आहे, दोघंच आहेत, त्याला ती आवडलेली आहे हे तर उघड आहे. आणि तो काय करतो? तो सांगतो की माझ्यापेक्षा जवळचा एक नातलग आहे, पहिला हक्क त्याचा, आधी त्याला विचारायला हवं. तिच्या नावाला बोल लागू नये याची काळजी घेतो, आणि चौथ्या अध्यायात गावाच्या वेशीत बसून दहा वडीलधाऱ्यांसमोर सगळं मांडतो. रात्री खळ्यावर जे बोलणं झालं ते दिवसाउजेडी लोकांसमोर आणायला त्याला लाज वाटत नाही. तुमच्या नात्यातलं काय काय असं दिवसाउजेडी मांडता येईल, हे दोघांनी बोलून बघा.

आणि ती आठवडाभर बायबल बंद ठेवायची गोष्ट, ती परत करू नका. घसरलात तर त्याच दिवशी उघडा. पहिलं योहान १:९ आहे ना, आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो, शुद्ध करतो. त्यात आधी आठवडाभर तोंड लपवा मग या असं लिहिलेलं नाही. कबुली मात्र आधी एकेकट्याने द्यायची, देवासमोर. त्या क्षणी एकत्र बसून रडत रडत प्रार्थना करायला गेलात तर परत तेच होण्याची शक्यता जास्त, हे मी अनुभवी लोकांकडून खूपदा ऐकलंय.

मैत्रिणीला सांग तिची काळजी कळली, पण पूर्ण बंद करायची गरज नाही. प्रार्थना छोटी ठेवा, पाच मिनिटं, परीक्षा, घरचे, आजारी मित्र, ग्रुपमधलं कुणी, जगातलं काही, म्हणजे तोंड बाहेरच्या लोकांकडे असू द्या. खूप आतलं, जुन्या जखमा, शरीराचे मोह, ते सध्या मैत्रिणीसमोर किंवा त्या मोठ्या बाईसमोर. आणि "आमच्या होणाऱ्या संसारासाठी" अशा प्रार्थना आत्ताच नकोत, जे अजून ठरलेलंच नाही ते रोज देवासमोर बोलून बोलून ठरल्यासारखं वाटायला लागतं आणि मग नातं नीट तपासून बघायची मोकळीकच राहत नाही.

काय वाचायचं म्हणशील तर मार्क घ्या. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, सोळा अध्याय, एकदा सलग वाचलं तर दीड-दोन तासांत होतं, आणि एका बैठकीत सगळं वाचून काढायची मजा वेगळीच आहे, गोष्ट धावते. मग परत सावकाश, आठवड्याला एक भाग. वचनांचे आकडे बघून भाग तोडू नका, नव्या करारातले हे आकडे १५५१ साली रोबेर एतिएन या मुद्रकाने घातले, मार्कने नाही, त्यामुळे गोष्ट जिथे संपते तिथे थांबा. मार्कनंतर फिलिप्पै, चारच अध्याय, तुरुंगातून लिहिलेलं. लग्न, कपल, डेटिंग या विषयांवरची वचनं शोधून शोधून वाचू नका सध्या. सारखं स्वतःबद्दलच वाचून माणूस थकतो, येशूबद्दल वाचा.

शेवटची भीती. ब्रेकअप झालं तर विश्वास जाईल का. आज जसं आहे तसं राहिलं तर तुझ्या विश्वासाला मोठा हादरा बसेल, हे मी तुला गोड बोलून लपवणार नाही, कारण आज तुझं वाचन, तुझी प्रार्थना, तुझा ग्रुप, सगळं एकाच माणसाला बांधलंय आणि तो गेला की सगळं एकदम जाईल. पण ही भीती तुला वाटते यातच मला दिसतंय की तुझा विश्वास तुझा आहे, नाहीतर विश्वास जाईल म्हणून तू घाबरली नसतीस. वही सुरू कर, ग्रुपमधल्या मुलींशी तुझी स्वतःची मैत्री वाढव, चर्चला कधीकधी त्याच्याशिवाय जा. आणि हे त्याच्या विरोधात नाहीये. उद्या तुमचं लग्न झालं तरी त्याला अशीच बायको लागेल जी स्वतः उभी आहे, जी त्याचा विश्वास डळमळेल तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करू शकेल. आणि त्याचा विश्वास डळमळेल हं कधीतरी, चर्चमध्ये वाढलेल्यांचा पण डळमळतो, कॉलेज संपताना तर बऱ्याच जणांचा, आणि सतत शिकवणाऱ्याच्या भूमिकेत असलेल्या मुलाला मला काही कळत नाहीये असं म्हणायला कुणी उरत नाही. त्याच्यासाठी पण हा बदल गरजेचा आहे.

आता त्याच्याशी बोल. मेसेजवर नको, समोर बसून, दिवसा. तक्रारींची यादी वाचून दाखवू नकोस. एवढंच म्हण की मला तुझ्यासोबत बायबल वाचायला आवडतं आणि ते चालू ठेवायचंय, पण मी एकटीने वाचणं सोडलंय आणि त्याची मला भीती वाटते, म्हणून मला आठवड्यातून दोनदाच आणि दुपारी बसायचंय, आणि मला आधी बोलायचंय. मग गप्प बस आणि त्याला बोलू दे. तो थोडा दुखावेल, त्याला वाटेल माझं चुकलं का, ते साहजिक आहे, त्याला वेळ दे. तो म्हणाला ठीक आहे करून बघू, तर मार्कचा पहिला अध्याय घेऊन सुरू करा. पण त्याला जर तुझं स्वतः वाचणंच खटकलं, तू प्रश्न विचारलेलेच आवडले नाहीत, रूमवर नको म्हटल्यावर तो रुसून बसला, तर मला परत लिही, कारण मग आपल्याला बायबल स्टडीबद्दल नाही, या मुलाबद्दल बोलावं लागेल. आणि परीक्षा जवळ आली असेल तर एकत्र बसणं त्या आठवड्यात सोडलंत तरी चालेल, फक्त तुझी रोजची एकटीची पंधरा मिनिटं सोडू नकोस.